पुनर्लागवडीनंतर कोमेजलेल्या कोवळ्या रोपांचे पुनरुज्जीवन : एक वनस्पतिशास्त्रीय विवेचन

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन समारंभांत पाहुण्यांचे स्वागत पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन करण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झालेला वनमहोत्सव, १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून चालणारे वृक्षारोपण आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांसाठी ठरविलेले ५० कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट, या सर्वांमुळे रोप हाताळण्याचा प्रसंग आज वनस्पतिशास्त्राशी कोणताही संबंध नसलेल्या व्यक्तीवरही येतो. रोपवाटिकेतून आणलेले टवटवीत रोप पिशवीतून काढून कुंडीत किंवा खड्ड्यात लावले जाते आणि दोन-तीन दिवसांतच त्याची पाने लोंबू लागतात. मग चिंतेपोटी त्याला भरपूर पाणी दिले जाते, मूठभर खत टाकले जाते, कोणी ते उन्हात हलवितो, तर कोणी पुन्हा उपटून दुसऱ्या कुंडीत लावतो. एवढ्या उपचारांनंतर रोप दगावले म्हणजे 'रोपच कमकुवत होते' असा निष्कर्ष काढला जातो.

प्रत्यक्षात असे बहुसंख्य रोप मूळच्या दुर्बलतेमुळे मरत नाही. पुनर्लागवडीचा धक्का आणि त्यावर केलेले घाईचे उपचार यांच्या एकत्रित परिणामाने ते मरते. या धक्क्याचे शरीरक्रियात्मक स्वरूप स्पष्ट करणे, कोमेजण्याची निरनिराळी कारणे ओळखण्याच्या सोप्या कसोट्या सांगणे आणि त्यांच्या आधारे उपचारांची क्रमवार दिशा मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. धक्क्याचे स्वरूप

वनस्पती मुळांवाटे जेवढे पाणी शोषून घेते त्यापैकी सुमारे ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरील पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. या बाष्पोत्सर्जनाचे मोजमाप स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञाने सूर्यफुलाच्या झाडावर केले आणि १७२७ साली ते प्रसिद्ध केले. पानांतून पाणी उडून गेले की काष्ठवाहिन्यांतील पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो, हे स्पष्टीकरण डिक्सन व जॉली यांनी १८९४ साली मांडले. पान, खोड, मूळ आणि माती ही अशा रीतीने पाण्याच्या एकाच सलग साखळीचे दुवे आहेत. या साखळीतील सर्वांत नाजूक दुवा मूळ आणि माती यांच्या संगमावर असतो.

हा संगम मूलरोमांनी साधला जातो. मूलरोम म्हणजे मुळाच्या बाह्यत्वचेतील एकेका पेशीची केसासारखी वाढ होय. त्यांचे आयुष्य अल्प असते, परंतु संख्या थक्क करणारी असते. हॉवर्ड डिटमर यांनी १९३७ साली राय या धान्याच्या चार महिने वयाच्या एकाच रोपाच्या मुळांची मोजणी केली, तेव्हा मुळांची एकूण लांबी सुमारे ६२० किलोमीटर आणि मूलरोमांची संख्या सुमारे १४ अब्ज भरली. मातीच्या कणांना बिलगलेले हे जाळे रोप उपटताना किंवा पिशवी फाडताना क्षणार्धात तुटते. जाड, तपकिरी मुळे शाबूत दिसतात म्हणून आपण निश्चिंत होतो. पण पाणी शोषण्याचे मुख्य काम कोवळी पांढरी मुळे आणि मूलरोम करीत असतात, आणि नेमके तेच आपण गमावलेले असतात.

पाने मात्र पूर्वीइतकीच राहतात. मागणी कायम आणि पुरवठा खंडित, अशी ही स्थिती होय. पेशींतील ताठरपणा कमी होतो व पाने मलूल पडतात. यावर वनस्पतीचा स्वतःचा प्रतिसादही असतो. पाण्याच्या ताणात अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि त्याच्या प्रभावाने पर्णरंध्रे मिटतात. त्यामुळे पाण्याचा व्यय घटतो. पण त्याच वाटेने आत येणारा कर्बवायूही अडतो, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि शर्करा कमी तयार होते. नवी मुळे फुटण्यासाठी मात्र हीच शर्करा लागते. मुळे नाहीत म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून अन्न नाही आणि अन्न नाही म्हणून मुळे नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे. ते योग्य ठिकाणी तोडणे, हेच पुनरुज्जीवनाचे सूत्र होय.

३. परंपरेतील जाणीव

या धक्क्याची जाणीव आपल्या कृषिपरंपरेत जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. झाड एका जागेवरून दुसरीकडे नेताना तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत द्यावा, असे त्यात सांगितले आहे. उघडी मुळे वाळू नयेत, हा या लेपाचा एक परिणाम निश्चितच असणार.

मराठी शेतकऱ्याच्या बोलीतही या अवस्थेसाठी नेमके शब्द आहेत. मातीच्या गोळ्यासह रोप वा कलम हलवितात, त्या गोळ्याला 'हुंडी' म्हणतात आणि ती फुटू न देण्याची ताकीद दिली जाते. लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिलेल्या हलक्या पाण्याला 'आंबवणी' म्हणतात. रोप सावरले की त्याने 'जीव धरला' असे म्हणतात आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याला 'नांगे भरणे' म्हणतात. मातीत ओलावा आणि हवा या दोहोंचा समतोल असणाऱ्या अवस्थेला 'वाफसा' हा जो शब्द आहे, तो तर प्रस्तुत विषयाचा केंद्रबिंदूच आहे. कोकणात भाताची लावणी झाल्यावर काही दिवस खाचर पिवळसर दिसते व मग हिरवे होते, हाही पुनर्लागवडीच्या धक्क्याचाच आविष्कार होय. १९८० च्या दशकात मादागास्करमध्ये आंरी द लोलानिए यांनी विकसित केलेल्या भातलागवड पद्धतीत केवळ ८ ते १२ दिवसांची रोपे, मुळांना माती चिकटलेली असतानाच तत्परतेने लावली जातात. त्यामागे हा धक्का कमी करण्याचाच विचार आहे.

४. कोमेजण्याची कारणे ओळखण्याच्या कसोट्या

कोमेजलेले रोप पाहताच पाणी देणे, ही स्वाभाविक प्रतिक्रिया असली तरी ती अनेकदा घातक ठरते. कारण कोरडेपणा आणि पाण्याचा अतिरेक या दोन्ही स्थितींत पाने सारखीच लोंबतात. म्हणून उपचारांपूर्वी निदान आवश्यक आहे.

पहिली कसोटी वेळेची. रात्री बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते व रोपातील पाणी मातीतील पाण्याशी समतोल साधते. त्यामुळे रोपाची खरी स्थिती पहाटे कळते, दुपारी नव्हे. दुपारी मलूल झालेले रोप पहाटे ताठ असेल, तर मुळे काम करीत आहेत आणि केवळ दुपारची मागणी त्यांना पेलत नाही, असे समजावे. पहाटेही मान टाकलेली असेल, तर प्रश्न गंभीर आहे.

दुसरी कसोटी मातीची. बोट दोन-तीन सेंटिमीटर खोल घालून ओलावा पाहावा, तसेच कुंडी उचलून तिचे वजन अजमावावे. येथे एक दक्षता घ्यावी लागते. रोपवाटिकांतील अनेक रोपे चिकट लाल मातीच्या घट्ट हुंडीत वाढविलेली असतात. अशी हुंडी एकदा वाळली की दगडासारखी होते. कुंडीतील भोवतालची भुसभुशीत माती ओली होते, पाणी तळाच्या छिद्रातून वाहूनही जाते, आणि मुळे असलेला मधला गोळा मात्र कोरडाच राहतो. म्हणून ओलावा कुंडीच्या कडेला न तपासता खोडालगतच्या हुंडीत तपासावा.

तिसरी कसोटी पानांची. कोरडेपणाने कोमेजलेले पान मऊ व पातळ लागते आणि त्याच्या कडा वाळू लागतात. पाण्याच्या अतिरेकात पान पुष्कळदा जड वाटते, देठासह खाली वळते आणि खालची पाने पिवळी पडतात. टोमॅटोमध्ये ही वाकण्याची क्रिया विशेष स्पष्ट दिसते. प्राणवायूअभावी मुळांत इथिलीनचे पूर्वद्रव्य साठते, ते वर पानांत पोहोचल्यावर त्याचे इथिलीन बनते आणि देठाची वरची बाजू अधिक वाढून पान खाली झुकते.

ओल्या मातीत रोप का कोमेजते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचे श्वसन अडते, पेशीरस आम्लधर्मी होतो आणि पेशीपटलांतील पाणी वाहून नेणारी प्रथिनद्वारे बंद होतात. भोवताली पाणीच पाणी असूनही मूळ ते घेऊ शकत नाही. अशा रोपाला आणखी पाणी देणे म्हणजे बुडत्याला तहानलेला समजणे होय. प्राणवायूहीन ओल्या मातीत पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे रोगकारकही बळावतात. माती आंबूस वासाची आणि मुळे तपकिरी, मऊ व साल सुटणारी असतील, तर मूळकूज सुरू झाली आहे असे समजावे.

चौथी कसोटी क्षारांची. लागवडीच्या वेळी रासायनिक खत किंवा कच्चे शेणखत मिसळले असेल आणि पानांची टोके व कडा करपत असतील, तर मुळांभोवतीच्या द्रावणाची तीव्रता वाढल्याने पाणी मुळात शिरण्याऐवजी अडविले जात आहे, असा अर्थ होतो. कच्च्या शेणखताच्या कुजण्यातून उष्णता आणि अमोनियाही निर्माण होतो, तो वेगळाच.

५. पुनरुज्जीवनाचे उपाय

निदान झाल्यावर पहिला नियम असा की, रोप पुन्हा उपटू नये. प्रत्येक हाताळणीत नव्याने फुटलेले मूलरोम पुन्हा तुटतात. मूळकूज झाल्याची खात्री असेल तरच याला अपवाद करावा; तेव्हा कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापून, निचऱ्याच्या मिश्रणात व लहान कुंडीत रोप लावावे.

दुसरे, मागणी कमी करावी. रोप ७ ते १० दिवस विरळ सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावे. ५० टक्के सावली देणारी शेडनेट, दाट झाडाची सावली किंवा पूर्वेकडील सज्जा उपयुक्त ठरतो. पूर्ण अंधारी खोली मात्र टाळावी. नव्या मुळांसाठी शर्करा हवी आणि शर्करेसाठी प्रकाश हवा. फारच मलूल झालेल्या लहान रोपावर छिद्रे पाडलेली पारदर्शक पिशवी सैलसर घालावी. त्यामुळे पानांभोवती दमट हवा राहते. ही पिशवी उन्हात कधीही ठेवू नये, आतील तापमान झपाट्याने वाढते. रोप सावरू लागले की पिशवी दररोज थोडा अधिक वेळ काढून ठेवत आठवडाभरात पूर्ण दूर करावी. जळगाव जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी ऊतीसंवर्धित केळीची रोपे याच तत्त्वावर तयार होतात. प्रयोगशाळेतील बाटलीत वाढलेल्या रोपाच्या पानांवरील मेणचट थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. म्हणून त्याला आधी हरितगृहातील दमट हवेत आणि नंतर सावलीगृहात, असे टप्प्याटप्प्याने काही आठवडे कणखर केले जाते.

तिसरे, पाण्याचे नियोजन निदानानुसार करावे. हुंडी कोरडी असल्यास कुंडी काठापर्यंत पाण्याच्या बादलीत १५ ते २० मिनिटे बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी. त्यानंतरचे पाणी थोडे, पण हुंडीवरच पडेल असे द्यावे. पाण्याचा अतिरेक असल्यास पाणी थांबवावे, कुंडीखालची बशी काढावी, तळाचे छिद्र मोकळे करावे आणि कुंडी किंचित कलती ठेवावी. साठलेले बरेचसे पाणी निघून जाते. दोन्ही स्थितींत गाठावयाचे लक्ष्य एकच, ते म्हणजे वाफसा.

या संदर्भात कुंडीविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निचऱ्यासाठी तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत रूढ आहे. परंतु बारीक कणांच्या मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. खडीच्या वर मातीत पाण्याने संपृक्त थर तयार होतो. म्हणजे ओला थर मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर खापरीचा एखादा तुकडा ठेवणे पुरेसे आहे. निचरा सुधारायचा असेल तर संपूर्ण मिश्रणच भुसभुशीत करावे. तसेच लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नये. थोड्या मुळांना कुंडीतील सर्व पाणी उपसता येत नाही आणि माती दीर्घकाळ ओली राहते.

चौथे, खत देण्याची घाई करू नये. नवी पालवी दिसेपर्यंत, सामान्यतः दोन-तीन आठवडे, रासायनिक खत वर्ज्य मानावे. जखमी मुळांना अन्नद्रव्यांपेक्षा हवा आणि ओलाव्याची निकड असते. क्षारांचा ताण असल्यास साध्या पाण्याने माती एकदा चांगली धुऊन निथळू द्यावी. बाजारात मिळणाऱ्या जीवनसत्त्वयुक्त 'टॉनिक'चाही येथे उल्लेख करावा लागेल. १९३० च्या दशकात जेम्स बॉनर यांनी, रोपापासून तोडून कृत्रिम माध्यमात वाढविलेल्या वाटाण्याच्या मुळांना ब-१ जीवनसत्त्वाची गरज असल्याचे दाखविले. त्यावरून हे जीवनसत्त्व पुनर्लागवडीच्या धक्क्यावरील औषध म्हणून विकले जाऊ लागले. परंतु सपर्ण रोप हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करते आणि बाहेरून दिल्याने त्याला लाभ होत नाही, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले. प्रयोगशाळेतील मर्यादित निष्कर्ष बाजारात सार्वत्रिक सत्य कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पाचवे, छाटणी संयमाने करावी. पाने कमी केली की पाण्याचा व्यय कमी होतो हे खरे. पण पाने शर्करा पुरवितात, आणि शेंडे व कोवळी पाने यांतून खाली येणारे ऑक्झिन मुळे फुटण्यास चालना देते. म्हणून केवळ वाळलेली, मोडलेली पाने आणि फुले-कळ्या काढाव्यात. पिवळी पडणारी जुनी पाने लगेच खुडू नयेत. रोप त्यांतील नत्र परत घेऊन नव्या वाढीसाठी वापरीत असते.

६. सुधारणेची लक्षणे आणि प्रतिबंध

करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. त्यामुळे जुन्या पानांकडे पाहून रोपाच्या भवितव्याचा निर्णय करू नये, शेंड्याकडे पाहावे. प्रथम पहाटेचा ताठरपणा परततो, मग दुपारचे कोमेजणे कमी होते आणि शेवटी नवी पालवी फुटते. सर्व पाने गळाली तरी खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा ओलसर थर दिसल्यास रोप जिवंत आहे. असे रोप टाकून देणे म्हणजे सावरण्याच्या उंबरठ्यावर त्याला सोडून देणे होय.

प्रतिबंध अर्थातच उपचारापेक्षा सुलभ आहे. पुनर्लागवडीपूर्वी ८ ते १० दिवस रोपाला पाणी थोडे कमी करीत व ऊन वाढवीत नेल्यास ते कणखर बनते. आदल्या दिवशी पिशवीत पाणी द्यावे, लागवड सायंकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी, पिशवी कापून काढावी आणि रोप खोडाला धरून ओढू नये. पिशवीच्या तळाशी गुंडाळी झालेली मुळे मात्र कापून मोकळी करावीत, अन्यथा ती जमिनीतही गोल फिरत राहतात व झाडाचा पाया कच्चा राहतो. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून ते थोडे खोल लावता येते. इतर बहुतेक रोपांची मातीची पातळी पिशवीत होती तेवढीच ठेवावी. पपई व वेलवर्गीय भाज्या यांची मुळे दुखावणे फारसे सोसत नाही, म्हणून ती पिशवीत वाढवून हुंडी न फोडताच लावावीत.

या विषयावर पदवी स्तरावर एक सुलभ प्रकल्पही घेता येईल. एकाच वयाची ३० रोपे एकाच दिवशी कुंड्यांत लावून त्यांचे तीन गट करावेत : उन्हात ठेवलेली, सावलीत वाफशावर ठेवलेली आणि सावलीत ठेवून लगेच खत दिलेली. तीन आठवडे दररोज पहाटे व दुपारी कोमेजलेल्या रोपांची संख्या आणि नव्या पानांची नोंद ठेवावी. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून जलसंबंध समजतील आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला विश्लेषणासाठी स्वतःची सामग्री मिळेल.

७. निष्कर्ष

पुनर्लागवडीनंतर कोमेजणे हा रोग नसून पाण्याची मागणी व पुरवठा यांतील तात्पुरती विषमता आहे. ती दूर करण्यासाठी मागणी कमी करणे, मुळांना हवा व ओलावा एकत्र मिळेल अशी माती राखणे आणि नवी मुळे फुटेपर्यंत थांबणे, एवढेच आपल्या हाती असते. कोमेजणे कोरडेपणाचे आहे की पाण्याच्या अतिरेकाचे, हे न पाहता केलेला कोणताही उपचार रोपाच्या हानीस कारणीभूत ठरू शकतो.

याचा एक प्रशासकीय अर्थही आहे. आपल्या वार्षिक अहवालांत लावलेल्या रोपांची संख्या नोंदविली जाते. पुढील मे महिन्याअखेर त्यांतील किती जगली, याचा रकाना क्वचितच असतो. रोप लावण्याचे छायाचित्र एका दिवसात निघते, रोप जीव धरण्यास मात्र तीन आठवडे आणि रुजण्यास एक उन्हाळा लागतो. त्या तीन आठवड्यांची जबाबदारी नावानिशी एखाद्या विद्यार्थी-गटाकडे सोपविणे आणि अहवालात जगलेल्या रोपांचा रकाना घालणे, या दोन गोष्टी कोणत्याही निधीविना करता येण्याजोग्या आहेत.